शेप्टिट्स्की बंधू : एका कुळातील दोन निष्ठा

आपल्या स्मरणिकेत दर वर्षी दोन-तीन घराण्यांचे कुलवृत्तान्त छापले जातात. मूळ पुरुष कोण, मूळ गाव कोणते, कुलदैवत कोणते, वतन कोणी दिले, शाखा कोठे कोठे पसरल्या, हे सारे त्यांत बारकाईने नमूद केलेले असते. प्रस्तुत लेखक हे वृत्तान्त आवडीने वाचणाऱ्यांपैकी आहे. तथापि ते वाचताना एक गोष्ट नेहमी जाणवते. वंशवृक्ष काढताना आपण असे धरून चालतो की, कूळ एक, तर निष्ठाही एकच. जो कोणी निराळ्या बाजूला गेला, त्याच्या नावापुढे वृत्तान्तकार बहुधा काहीच लिहीत नाही. फार तर 'परागंदा' असा शेरा मारून मोकळा होतो. वर्गात इतिहास शिकविताना मीही अनेक वर्षे हेच करीत आलो. 'फितूर' हा एक शब्द फळ्यावर लिहिला, की पुढे काही सांगावे लागत नसे.

यंदा वाचकांपुढे एका परकीय घराण्याचा वृत्तान्त ठेवण्याचे योजिले आहे. त्या घराण्यातील पाच सख्ख्या भावांपैकी तिघे एका राष्ट्राचे राहिले आणि दोघे दुसऱ्या राष्ट्राचे झाले. ही दोन राष्ट्रे एकमेकांशी लढली. पुढे दुसऱ्या महायुद्धात दोन परचक्रे त्या भूमीवरून गेली, आणि त्यांनी या पाच भावांत डावे-उजवे केले नाही.

इतक्या दूरच्या घराण्याची चौकशी मला का करावीशी वाटली, ते आधी सांगितले पाहिजे. कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात पोलिश निर्वासितांची मोठी छावणी होती. आज त्या ठिकाणी गांधीनगर ही सिंधी बांधवांची बाजारपेठ आहे. छावणीत सुमारे पाच हजार लोक राहत. त्यांत स्त्रिया व मुलेच अधिक. १९३९ साली जर्मनी व रशिया यांनी पोलंड वाटून घेतला, तेव्हा रशियाच्या वाट्याला आलेल्या पूर्व भागातून लाखो लोकांना मालगाड्यांत कोंबून सायबेरिया व कझाकस्तानकडे नेण्यात आले. १९४१ साली जर्मनीने रशियावरच स्वारी केल्यावर त्यांपैकी काहींची सुटका झाली, आणि इराणच्या वाटेने त्यांतले काही हजार हिंदुस्थानात पोहोचले. माझे वडील त्या वेळी पंधरा-सोळा वर्षांचे होते व छावणीत दुधाचा रतीब घालीत. एका बाईंच्या खोलीत भिंतीवर शहराचे एक चित्र टांगलेले होते. त्याकडे बोट करून त्या 'ल्वूफ' एवढाच शब्द उच्चारीत आणि डोळ्यांना पदर लावावा तसा रुमाल लावीत. वडिलांचा कित्येक वर्षे असा समज होता की, ल्वूफ हे त्यांच्या मेलेल्या मुलाचे नाव असावे. मी शिक्षक झाल्यावर शाळेतील नकाशांच्या पुस्तकात ते शहर त्यांना शोधून दिले. पण त्यात ते पोलंडात नव्हतेच; सोव्हिएत संघात होते, आणि नावही जरा निराळे छापलेले होते. वडील म्हणाले, "अरे, मग त्या बाई खोटं सांगत होत्या काय?" या प्रश्नाचे उत्तर देण्याच्या खटपटीत मी शेप्टिट्स्की घराण्यापाशी येऊन पोहोचलो.

या शहराला पोलिश लोक ल्वूफ म्हणतात, युक्रेनी लोक लव्हीव म्हणतात, रशियन ल्वोव, आणि जर्मन लेम्बेर्ग. चार नावे असलेल्या शहराचे चार धनी झाले नसते तरच नवल. १७७२ साली पोलंडचे तुकडे झाले तेव्हा गॅलिशिया हा प्रांत ऑस्ट्रियाच्या बादशहाकडे गेला. लव्हीव ही त्याची राजधानी. १९१४ साली रशियन आले, पुढच्याच वर्षी ऑस्ट्रियन परतले. १९१८ च्या नोव्हेंबरात तीन आठवडे युक्रेनी लोकांचा अंमल होता, मग पोलिशांचा. १९३९ मध्ये सोव्हिएत फौजा, १९४१ मध्ये जर्मन, १९४४ मध्ये पुन्हा सोव्हिएत, आणि १९९१ पासून स्वतंत्र युक्रेन. ज्याचा जन्म त्या शहरात १९१० च्या सुमारास झाला आणि जो तेथेच ऐंशी वर्षे जगला, त्याला घराचा उंबरठा न ओलांडता इतकी राज्ये पाहावी लागली. महायुद्धापूर्वी तेथे सुमारे निम्मे लोक पोलिश, एकतृतीयांशाच्या आसपास ज्यू, आणि उरलेले बहुतेक युक्रेनी होते. भोवतालच्या खेड्यांत मात्र युक्रेनी शेतकरीच अधिक.

या प्रांतात माणूस कोणत्या राष्ट्राचा, हे त्याच्या प्रार्थनापद्धतीवरून ओळखले जाई. पोलिश लोक रोमन कॅथलिक; त्यांची उपासना लॅटिन भाषेत. युक्रेनी लोक ग्रीक कॅथलिक. तेही रोमच्या पोपलाच मानणारे, पण उपासना पूर्वेकडील पद्धतीने व प्राचीन स्लाव्ह भाषेत करणारे. त्यांच्या पुरोहितांना विवाहाचीही मुभा असे. जमीनदार वाड्यातून लॅटिन चर्चला जाई आणि त्याची कुळे टेकडीखालच्या लाकडी ग्रीक चर्चला जात. आपल्याकडील वाचकाला हा भेद समजावून सांगण्यास फार शब्द लागू नयेत. एका पद्धतीतून दुसरीत जाण्यास पोपची अनुज्ञा लागे, आणि जो वरून खाली जाई त्याला बुद्धिभ्रंश झाला आहे, असेच भोवतालचे लोक समजत.

शेप्टिट्स्की हे घराणे मूळचे या युक्रेनी बाजूचे. अठराव्या शतकात या कुळाने ग्रीक कॅथलिक चर्चला अनेक धर्माध्यक्ष दिले. लव्हीव येथील टेकडीवरचे संत जॉर्जचे भव्य मंदिर अथानासियस शेप्टिट्स्की या महाधर्माध्यक्षाने बांधावयास घेतले व लेव्ह शेप्टिट्स्की याने ते पुढे नेले. पण पुढे इतर सरदार घराण्यांप्रमाणे हेही लॅटिन पंथात गेले, पोलिश बोलू लागले आणि पोलिश म्हणवू लागले. काउंट यान शेप्टिट्स्की यांचा विवाह झोफिया फ्रेद्रो हिच्याशी झाला. ही अलेक्सांडर फ्रेद्रो यांची कन्या. फ्रेद्रो म्हणजे पोलिश भाषेतील थोर प्रहसनकार. आपल्याकडे देवल वा गडकरी यांचे नाव घ्यावे तसे तिकडे त्यांचे नाव. म्हणजे आईच्या बाजूने पाहता या मुलांइतके अस्सल पोलिश रक्त दुसरीकडे सापडणे कठीण.

लव्हीवच्या पश्चिमेस प्रिलबिची हे त्यांच्या जहागिरीचे गाव. त्या वाड्यात वाढून कर्ते झालेले मुलगे पाच : रोमान (जन्म १८६५), अलेक्सांडर (१८६६), स्तानिस्लाव (१८६७), काझिमिर (१८६९) आणि लेओन (१८७७). घरात भाषा पोलिश, शिष्टाचारासाठी फ्रेंच. युक्रेनी बोलत ते नोकरचाकर व शेतकरी.

रोमान हा ज्येष्ठ. देहयष्टी विलक्षण, उंची दोन मीटरच्या आसपास. लष्करी नोकरीत शिरला, पण आजारपणामुळे ती सोडून कायद्याकडे वळला आणि १८८८ साली कायद्याचा डॉक्टर झाला. त्याच वर्षी त्याने दोब्रोमिल येथील ग्रीक कॅथलिक मठात प्रवेश केला आणि आंद्रेय हे नाव घेतले. पित्याने हा बेत मोडून काढण्यासाठी बरीच खटपट केली. मुलाने साधू व्हावे याचे त्यांना तितके दुःख नव्हते. पोलिश घराण्यांत मुलगा धर्मकार्याला वाहणे हे भूषणच मानले जाई. पण व्हावयाचे तर लॅटिन साधू व्हावे. शेतकऱ्यांचा, दुसऱ्या भाषेचा साधू कशासाठी? आईलाही प्रथम हा घाव जड गेला. पुढे तिने मनाची समजूत घातली आणि मुलाच्या या निश्चयाविषयी आठवणीही लिहिल्या.

रोमानचे म्हणणे असे की, आपण कोणाला सोडून जात नाही. आपल्या पूर्वजांच्या घरी परत जात आहोत. येथे वाचकाने क्षणभर थांबावे. वंशावळ एकच, तीच वाचून बाप म्हणतो, आपण पोलिश आहोत, आणि मुलगा म्हणतो, आणखी दोन पिढ्या मागे जा, आपण युक्रेनी आहोत. दोघेही खरे बोलत होते. वंशवृक्षाने वाद मिटत असते, तर हा वाद त्याच दिवशी मिटला असता.

१८९९ मध्ये आंद्रेय धर्माध्यक्ष झाले, आणि १९०१ च्या आरंभी लव्हीवच्या महाधर्माध्यक्षपदावर, ज्याला तिकडे मेट्रोपॉलिटन म्हणतात, त्यांची स्थापना झाली. पस्तिशीतील हा पोलिश काउंट आपल्या डोक्यावर कोणी बसविला, असे युक्रेनी पुढारी विचारू लागले. इकडे पोलिश वर्तमानपत्रे त्यांना कुलद्रोही म्हणत. त्यांनी दोघांनाही उत्तर दिले नाही, काम केले. १९०५ साली लव्हीव येथे युक्रेनी राष्ट्रीय वस्तुसंग्रहालय स्थापन केले. रुग्णालय, पेढी, शाळा, शिष्यवृत्त्या यांसाठी स्वतःची संपत्ती खर्ची घातली. हिब्रू भाषेचे अध्ययन केले होते; खेडोपाडी दौऱ्यावर असताना तेथील ज्यू मंडळी स्वागतास येत तेव्हा ते त्यांना हिब्रूत उत्तर देत. १९१४ साली रशियनांनी लव्हीव घेताच त्यांना पकडून रशियात नेले. १९१७ च्या क्रांतीनंतरच त्यांची सुटका झाली.

आता दुसऱ्या भावाकडे वळू. स्तानिस्लाव हा ऑस्ट्रियाच्या सैन्यात चढत गेला. रशिया-जपान युद्धात निरीक्षक म्हणून तो गेला होता. पहिल्या महायुद्धात १९१६ साली तो पोलिश पलटणींचा सेनापती झाला व नंतर लुब्लिन येथे ऑस्ट्रियाचा गव्हर्नर-जनरल. १९१८ च्या फेब्रुवारीत ब्रेस्ट-लिटोव्स्कचा तह झाला. त्यात खेल्मचा टापू युक्रेनला देण्याचे ठरले. पोलिशांची भूमी युक्रेनला दिली, या संतापाने स्तानिस्लावने त्या उच्च पदाचा राजीनामा फेकला. ज्या राष्ट्राला ती भूमी मिळावयाची होती, त्या राष्ट्राचा गॅलिशियातील धर्मगुरू त्याचा सख्खा भाऊ होता.

त्याच वर्षी १ नोव्हेंबरला युक्रेनी सैनिकांनी लव्हीव ताब्यात घेतले. शहरातील पोलिश तरुणांनी, शाळकरी पोरांनीसुद्धा, हाती बंदुका घेतल्या. २२ नोव्हेंबरला पोलिशांनी शहर घेतले, पण प्रांतातील युद्ध १९१९ च्या जुलैपर्यंत चालले. युद्धाच्या पहिल्या महिन्यांत पोलिश सेनेच्या प्रमुख कार्यालयाचा अधिपती होता जनरल स्तानिस्लाव शेप्टिट्स्की. आणि लव्हीवमध्ये संत जॉर्जच्या टेकडीवरील आपल्या निवासात पोलिशांच्या पहाऱ्यात होते मेट्रोपॉलिटन आंद्रेय शेप्टिट्स्की.

याहून विचित्र प्रसंग १९२३ चा. आंद्रेय युरोप व अमेरिका खंडांचा दीर्घ प्रवास करून परत येत होते. त्याच वर्षी मार्चमध्ये दोस्त राष्ट्रांनी पूर्व गॅलिशियावर पोलंडचे स्वामित्व मान्य केले होते. परदेशांत युक्रेनची बाजू मांडणारा हा धर्मगुरू पोलिश सरकारला सलत होता. सरहद्दीवर त्यांना अटकावून पोझनान शहरी स्थानबद्ध करण्यात आले. लव्हीवला पोहोचण्यास ऑक्टोबर उजाडला. या वेळी पोलंडचे युद्धमंत्रिपद कोणाकडे होते? जून ते डिसेंबर १९२३ पर्यंत ते जनरल स्तानिस्लाव शेप्टिट्स्की यांच्याकडे होते. ज्या मंत्रिमंडळात धाकटा भाऊ बसत होता, त्याच मंत्रिमंडळाने थोरल्याला अडकवून ठेवले.

नाटककाराने असा प्रसंग रचला, तर आपण त्याला 'अतिरंजित' म्हणू. तथापि या घराण्याविषयी जे लिहिले गेले आहे, त्यात कोठेही भावाभावांनी एकमेकांचे तोंड पाहिले नाही असे आढळत नाही. मतभेद हाडवैरापर्यंत गेला नाही. काझिमिरचे तर उलटेच झाले. हाही कायद्याचा डॉक्टर. व्हिएन्नाच्या पार्लमेंटचा सभासद होता, जमीनजुमला उत्तम सांभाळी. चाळिशी उलटल्यावर, १९११ साली, त्याने सर्व सोडले आणि भावाच्या मागोमाग ग्रीक पंथात येऊन क्लिमेंती या नावाने भिक्षू झाला. आंद्रेय यांनी पुनरुज्जीवित केलेल्या स्तुदाइट नावाच्या, कष्ट व प्रार्थना यांना वाहिलेल्या संघाचा भार पुढे त्याच्याच खांद्यांवर आला. अलेक्सांडर व लेओन हे पोलिश जमीनदारच राहिले. लेओन प्रिलबिचीचा वाडा सांभाळी.

दोन युद्धांमधील वीस वर्षांविषयी फार लिहीत नाही. पोलिश सरकारने युक्रेनी शाळांची गळचेपी केली, १९३० साली खेड्यांत पोलीस व घोडदळ घालून दहशत बसविली. मेट्रोपॉलिटननी निषेध नोंदविला. दुसरीकडे युक्रेनी तरुणांची एक गुप्त संघटना हत्येच्या मार्गाला लागली. १९३४ च्या जुलैत या तरुणांनी लव्हीवच्या एका युक्रेनी विद्यालयाचे मुख्याध्यापक इव्हान बाबी यांना गोळ्या घातल्या. विद्यार्थ्यांना या भानगडींत पडू नका असे सांगणारा हा शिक्षक त्यांना पोलिशांचा हस्तक वाटला. मेट्रोपॉलिटननी स्वराष्ट्राच्या त्या तरुणांचा इतक्या कडक शब्दांत धिक्कार केला, की अनेक युक्रेनी त्यांच्यावर रुसले. माझा व्यवसाय शिक्षकाचा असल्यामुळे असेल, पण या माणसाविषयी माझ्या मनात खरा आदर उत्पन्न झाला तो येथे. परक्याच्या अत्याचाराचा निषेध करणारे पुष्कळ असतात.

१ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने आणि १७ सप्टेंबरला सोव्हिएत संघाने पोलंडवर स्वारी केली. २२ तारखेस लव्हीव सोव्हिएत फौजांच्या स्वाधीन झाले. त्याच महिन्यात प्रिलबिचीच्या वाड्यावर सोव्हिएत गुप्त पोलीस आले आणि त्यांनी लेओन व त्याची पत्नी यांना गोळ्या घालून ठार केले. कारण एकच : तो जमीनदार होता. अलेक्सांडरची मालमत्ता झामोश्चच्या बाजूला, म्हणजे जर्मनांच्या वाट्याला आलेल्या मुलखात होती. त्याला १९४० साली जर्मन गेस्टापोने मारले. तेथे कारण, तो प्रतिष्ठित पोलिश होता. वर्ष उलटण्याच्या आत एकाच आईची दोन मुले दोन परस्परविरोधी राजवटींनी मारली. स्तानिस्लाव तेव्हा सत्तरी ओलांडलेला निवृत्त सेनानी. तो जर्मन अंमलाखाली कोर्चिना या गावी राहिला. आंद्रेय व क्लिमेंती सोव्हिएत अंमलाखाली. याच काळात लव्हीवच्या परिसरातून ती माणसे मालगाड्यांत भरली गेली, ज्यांतली काही पुढे वळिवड्यास आली. बहुतेक पोलिश, परंतु युक्रेनी व ज्यूही त्या गाड्यांत होते.

आता या वृत्तान्ताचा सर्वांत अवघड भाग येतो. ३० जून १९४१ रोजी जर्मन फौजा लव्हीवमध्ये शिरल्या. पळ काढण्यापूर्वी सोव्हिएत पोलिसांनी तुरुंगांतील हजारो कैदी मारून टाकले होते. कोठड्यांतून प्रेते निघत होती. अशा वेळी जर्मन सैन्य हे सुटका करणारे आहे, असे युक्रेनी जनतेला वाटले आणि मेट्रोपॉलिटननाही वाटले. १ जुलैला त्यांनी जे पत्रक काढले त्यात विजयी जर्मन सैन्याचे स्वागत केलेले आहे. त्याच दिवसांत शहरातील ज्यूंवर जमाव सोडण्यात आला; त्यांना रस्त्यांतून ओढीत नेऊन मारण्यात आले आणि या हत्याकांडात युक्रेनी लोकांचा हात होता. हे पत्रक आंद्रेय शेप्टिट्स्की यांच्या नावावर कायमचे लिहिले गेले आहे. कोणी कितीही वकिली केली तरी ते पुसता येणार नाही, आणि पुसूही नये.

त्याच सुमारास लव्हीवचे रबाय, म्हणजे ज्यूंचे धर्मगुरू, येहेझ्केल लेविन हे मेट्रोपॉलिटनच्या भेटीस आले व तुमच्या लोकांना आवरा अशी त्यांनी विनंती केली. निरोप घेताना मेट्रोपॉलिटननी त्यांना येथेच राहा, बाहेर जाऊ नका, असे सांगितले. रबाय म्हणाले, माझ्या लोकांना सोडून मी कसा राहू? ते परत निघाले आणि त्याच दिवशी पकडले जाऊन तुरुंगाच्या आवारात मारले गेले. पुढे त्यांचे दोन मुलगे स्तुदाइट मठांच्या आश्रयाने वाचले. थोरला कुर्ट याने या साऱ्या हकीकती लिहून ठेवल्या आहेत.

यानंतर मेट्रोपॉलिटनचे डोळे उघडले. उघडण्यास फार विलंब लागला असे म्हणणाऱ्यांशी मी वाद घालणार नाही. १९४२ च्या फेब्रुवारीत त्यांनी थेट हिमलरला पत्र लिहिले की, ज्यूंच्या संहारात युक्रेनी पोलिसांना राबविणे बंद करा. गेस्टापोच्या सर्वाधिकाऱ्याला असे पत्र लिहिण्याचे धाडस त्या काळी फारच थोड्यांनी केले असेल. त्यानंतर लवकरच लव्हीवची युक्रेनी राष्ट्रीय समिती जर्मनांनी बंद केली. ऑगस्टमध्ये पोपना लिहिलेल्या पत्रात त्यांनी जर्मन राजवट बोल्शेविकांहूनही वाईट, जवळजवळ आसुरी आहे असे स्पष्ट कळविले. तिचा पहिला बळी ज्यू असल्याचे व मारल्या गेलेल्या ज्यूंचा आकडा दोन लक्षांवर गेल्याचेही लिहिले. नोव्हेंबरात 'हत्या करू नकोस' या आज्ञेवर धर्मपत्र काढले आणि खुनी मनुष्यास धर्मबहिष्कृत करण्याचा इशारा दिला.

पण पत्रांनी जीव वाचत नाहीत. जीव वाचविले ते क्लिमेंतीने. मेट्रोपॉलिटन एव्हाना अर्धांगाने चाकांच्या खुर्चीला खिळलेले होते. आज्ञा त्यांची, हातपाय धाकट्या भावाचे. मठांमठांतून ज्यू मुले लपविण्यात आली. त्यांना खोटे बाप्तिस्म्याचे दाखले, युक्रेनी नावे, आणि तोंडपाठ प्रार्थना देण्यात आल्या. संशय येताच एका मठातून दुसऱ्या मठात रातोरात हलविण्यात आले. भिक्षुणींच्या प्रमुख योसेफा यांनी मुलींची बाजू सांभाळली. अशा रीतीने सुमारे दीडशे ज्यू वाचले, त्यांतील बहुतेक मुले. रबाय दावीद काहाने यांना तर मेट्रोपॉलिटनच्या निवासातच ग्रंथालयात काम देऊन ठेवले होते. त्यांची पत्नी व मुलगी निरनिराळ्या ठिकाणी लपविली होती. ज्यूला आसरा देणाऱ्यास जर्मन कायद्याने देहान्ताची शिक्षा होती. उनिव येथील मठात लपविलेला आदाम रोटफेल्ड हा लहान मुलगा पुढे, २००५ साली, पोलंडचा परराष्ट्रमंत्री झाला. एके काळी थोरल्या शेप्टिट्स्कीला अडकवून ठेवणाऱ्या देशाच्या मंत्रिमंडळात शेप्टिट्स्कींनी वाचविलेले पोर जाऊन बसले.

याच माणसाने १९४३ साली उभारलेल्या जर्मन नियंत्रणाखालील युक्रेनी पलटणीला विरोध केला नाही, उलट तिच्यासाठी पुरोहित दिले, हेही येथेच नोंदविले पाहिजे. आणि त्याच वर्षी शेजारच्या व्होलिनिया प्रांतात युक्रेनी बंडखोरांनी पोलिश खेडी जाळून पन्नास हजारांच्या वर माणसे मारली. पोलिशांनी घेतलेल्या सुडात हजारो युक्रेनी मेले. मेट्रोपॉलिटननी हत्येविरुद्ध पुन्हा धर्मपत्रे काढली, परंतु मारणाऱ्यांचे नाव घेऊन त्यांनी धिक्कार केला नाही, हा पोलिशांचा आक्षेप आजही कायम आहे. ज्या आईबापांच्या भाषेत ते लहानपणी प्रार्थना शिकले, ती भाषा बोलणारी माणसे कुऱ्हाडीने तोडली जात होती. मला वाटते, येथे त्यांनी १९३४ सारखे बोलावयास हवे होते.

जेरुसलेम येथील याद वाशेम ही संस्था ज्यूंना वाचविणाऱ्या परधर्मीयांचा गौरव करते. तिने १९९५ साली क्लिमेंतीला तो मान दिला. आंद्रेय यांच्याविषयीचे अर्ज वारंवार येऊनही मान्य झालेले नाहीत. वाचलेली माणसे अर्ज करतात आणि समिती ते १ जुलैचे पत्रक पुढे ठेवते. दोन्ही बाजूंचे कागद खरे आहेत. वळिवड्याच्या त्या पोलिश बाईंना मेट्रोपॉलिटनविषयी विचारले असते तर त्या काय म्हणाल्या असत्या, याचा अंदाज करणे कठीण नाही. आणि दावीद काहाने काय म्हणाले, ते त्यांच्या रोजनिशीत छापलेले आहे. फळ्यावर लिहिण्याचा तो माझा एक शब्द येथे कोणापुढे लिहावयाचा? बापाचा पंथ सोडणाऱ्या आंद्रेयपुढे, की आजोबांच्या आजोबांचा पंथ सोडणाऱ्या त्याच्या पूर्वजांपुढे? स्तानिस्लावने आपल्या राष्ट्रासाठी पद सोडले. त्याला तर दोन्ही बाजूंनी कोणी दोष देऊ नये.

१९४४ च्या जुलैअखेर सोव्हिएत फौजा लव्हीवमध्ये परतल्या. १ नोव्हेंबर १९४४ रोजी, चव्वेचाळीस वर्षे धर्मासन चालवून, आंद्रेय वारले. त्यांच्या माघारी १९४५ च्या एप्रिलमध्ये सर्व धर्माध्यक्षांना पकडण्यात आले व १९४६ साली ग्रीक कॅथलिक चर्चच बेकायदा ठरविण्यात आले. ते १९८९ पर्यंत भूमिगत राहिले. नवी सरहद्द शहराच्या पश्चिमेस आखली गेली. लव्हीवचे पोलिश पोलंडकडे पाठविण्यात आले, ज्यू तर उरलेच नव्हते. वळिवड्याची छावणी १९४८ साली उठली, तेव्हा त्या बाईंना परत जाण्यासाठी ल्वूफ हे गाव पोलंडच्या नकाशावर राहिले नव्हते. त्या खोटे सांगत नव्हत्या, एवढे उत्तर मी वडिलांना देऊ शकलो.

जनरल स्तानिस्लाव १९५० च्या ऑक्टोबरात कोर्चिना येथे मरण पावले. क्लिमेंतीला सोव्हिएत पोलिसांनी १९४७ च्या जूनमध्ये अटक केली. वय सत्त्याहत्तर, आठ वर्षांची शिक्षा झाली. मॉस्कोच्या पूर्वेस व्लादिमिर येथे जुना तुरुंग आहे, तेथे त्याला ठेवले होते. १ मे १९५१ रोजी तो तेथेच वारला. पाच भावांतील हा शेवटचा. तुरुंगाजवळच्या दफनभूमीत त्याला पुरले, पण कोणत्या जागी, याची खूण तेथे ठेवण्यात आली नाही.